काकूने पावतीला इस्त्री केली

आमची काकू कशालाही इस्त्री करते. शर्ट, पँट, पडदे, उशांचे अभ्रे हे तर पोटापाण्याचं झालं. पण ती पुसायच्या फडक्यालाही इस्त्री करते, फडताळात घालायच्या जुन्या वर्तमानपत्रालाही करते, माझ्या वह्यांचे दुमडलेले कोपरेही सोडत नाही. "चुरगळलेलं बघवत नाही बाई," म्हणते. घरात कुणाचं वाजलं, दूध नासलं, दिवे गेले, काहीही झालं तरी तिचा शेरा एकच असतो, "झालं, मोडली घडी."

आमच्या दोन खोल्या तळमजल्यावर आहेत. पुढच्या खोलीत काकूचं टेबल, त्यावर चार पदरी घोंगडी, त्यावर पांढरी चादर. टेबलासमोर खिडकी, खिडकीबाहेर गल्ली, आणि गल्लीपलीकडे बावीस मजल्यांचा टॉवर. त्या टॉवरच्या मुख्य लिफ्टमध्ये काकूने आजवर पाय ठेवलेला नाही, ती मागच्या सामानाच्या लिफ्टने वर जाते. तरी तिथल्या प्रत्येकाची खबर तिला असते.

"सातवाले साहेब सुटलेत," ती शर्ट उलटा करत सांगते. "बटण तिसऱ्यांदा सरकवून लावलंय."

"आणि बारावाल्यांचं काय?"

"त्यांची नोकरी गेली असणार. दोन आठवडे झाले, नुसते टीशर्ट येताहेत." मग आवाज खाली आणून, "कुणाला बोलू नकोस. त्यांनी अजून घरात सांगितलं नसेल."

पूर्वी हे टेबल काकांचं होतं. मग काकांची दोन्ही मूत्रपिंडं बसली. आता सोमवारी आणि गुरुवारी त्यांना मोठ्या दवाखान्यात डायलिसिसला न्यावं लागतं. चार तास यंत्र लावतात, अंगातलं रक्त बाहेर काढून, साफ करून परत आत सोडतात. "कपड्यांची इस्त्री ही करते, माझ्या रक्ताची यंत्र करतं," काका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात आणि आधी स्वतःच हसतात. एक पाळी चुकली की त्यांचे पाय सुजतात. दोन चुकल्या तर आडवं पडून श्वास घेता येत नाही. तिसरीचं डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि काकूने विचारलं नाही.

हे सगळं फुकट होतं, गरिबांसाठीच्या कार्डावर. दवाखान्याच्या फाटकाशी एक डबा बसवलाय. कार्ड टेकवलं की हिरवा दिवा लागतो आणि फाटकवाला "चला" म्हणतो. त्या हिरव्या दिव्यावर आमच्या घराचा आठवडा चालतो.

मग सरकारला शंका आली की गरीब जरा जास्तच झालेत. "खऱ्या गरजूंपर्यंत लाभ पोचावा म्हणून" सगळ्यांची नव्याने पाहणी ठरली. घराघराला गुण द्यायचे. चौदापर्यंत गुण पडले तर गरीब, पंधरा पडले की नाही. जास्त गुण मिळाले की नापास, अशी परीक्षा आमच्या घरात पहिल्यांदाच आली.

पाहणीवाला अगदी तरुण होता. हातात टॅब, पाठीला सॅक, आणि प्रत्येक उत्तरानंतर "ओके, नेक्स्ट."

"फ्रीज?"

"नाही."

"ओके, नेक्स्ट. स्कूटर?"

"नाही हो."

"ओके, नेक्स्ट. विजेवरची यंत्रं?"

"ही इस्त्री. आणि ती दुसरी, बिघडलेली."

"म्हणजे दोन. ओके, नेक्स्ट. कपडे?" असं म्हणून त्याने पहिल्यांदाच मान वर केली. वर चार दोऱ्यांवर बेचाळीस शर्ट होते, दोन कोट, एक लांबलचक रेशमी झगा आणि ओळीने शाळेचे गणवेश. त्याचं "ओके" घशातच राहिलं. "हे सगळं?"

"लोकांचं आहे."

"लोकांचं म्हणजे?"

"समोरच्या टॉवरमधल्यांचं. संध्याकाळी पोचवायचंय."

"पण आत्ता तुमच्या ताब्यात आहे ना?"

काकूला वाटलं, तो चोरीचं विचारतोय. ती छाती काढून म्हणाली, "आहे की. एक मोजा इकडचा तिकडे होत नाही माझ्याकडे."

त्याने "विपुल" या शब्दावर बोट टेकवलं. "ओके," म्हणाला आणि गेला.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. गुण सोळा. कार्ड महिनाअखेर बंद. हरकत असल्यास पंधरा दिवसांत अर्ज करावा.

काकूने पत्र दोनदा माझ्याकडून वाचून घेतलं. तिसऱ्यांदा नको म्हणाली. काकांना फक्त एवढंच सांगितलं, "कार्डाचं काहीतरी नूतनीकरण आहे." नूतनीकरण हा शब्द तिने त्याआधी आयुष्यात कधी वापरला नव्हता, तेव्हा काकांना कळायचं ते कळलंच असणार.

अर्ज द्यायला गेली त्या दिवशी रांगेत तिच्या पुढे सहा माणसं सोडून शिट्टीकाका उभे होते. दवाखान्यात काकांच्या शेजारच्या खुर्चीवर तेच बसतात. जन्मभर गोदामावर रात्रपाळीचे पहारेकरी होते. आता शिट्टी फुंकण्याइतका दम उरला नाही, तरी ती गळ्यात असते. एकटेच राहतात. त्यांनाही पत्र आलं होतं, सतरा गुणांचं.

"तुमच्यापेक्षा एकाने श्रीमंत आहे, वहिनी," ते रांगेतून मागे वळून म्हणाले. "भाच्याने जुना टीव्ही आणून टाकला घरात. चालत नाही. पाहणीवाल्याला म्हटलं, बाबा, मी त्याच्यावर चहाचा कप ठेवतो. तो म्हणाला, ओके, नेक्स्ट."

तीन नंबरच्या खिडकीवरच्या बाईंनी काकूचा अर्ज घेतला. यंत्रातून सर्र आवाज करत एक गुळगुळीत चिटोरं बाहेर आलं. "ही जपा. यावर नंबर आहे. सुनावणीला ही नसेल तर सिस्टीम तुम्हाला ओळखणार नाही." बाईंचं हे सिस्टीमप्रकरण ऐकण्यासारखं आहे. सिस्टीमला चालत नाही, सिस्टीम आज नाराज आहे, सिस्टीमला विचारावं लागेल. खाष्ट सासू आतल्या खोलीत बसलीय आणि सून बाहेर येऊन निरोप देतेय, तसं.

ती पावती काकूने पिशवीत टाकली नाही, कारण पिशवी कुणी मारली असती. पाकिटात ठेवली नाही, कारण पाकीट पडलं असतं. तिने ती मुठीत धरली. खिडकीपासून घरापर्यंत, बसमध्ये, गर्दीत, पाऊण तास मूठ आवळलेली. घरी येऊन मूठ उघडली तेव्हा घामाने भिजलेला एक बोळा निघाला.

पुढचं जे काही झालं ते तिच्या हातांनीच केलं, तिने नाही. चुरगळलेलं काही समोर आलं की हात आपोआप टेबलाकडे जातात. तरी तिने काळजी घेतली. रेशमाला लावतात तेवढीच मंद आच ठेवली. बोळा अलगद उलगडला, वर मलमलीचं ओलसर फडकं पसरलं आणि इस्त्री एकदाच फिरवली. शेवटाला मात्र क्षणभर टेकवली, कोपरा बसावा म्हणून.

फडकं उचललं तर पावती काळी.

काकू जन्मात कितीतरी वेळा जळालेल्या कपड्याकडे बघत उभी राहिलीय. जळालं की वास येतो, कड करपते, बोट लावलं की चुरा होतो. इथे वास नव्हता. कागद सुरेख सपाट झाला होता, कडक, नव्यासारखा आणि पाटीसारखा काळाभोर. असल्या पावत्यांचा कागद नुसत्या उष्णतेने काळा पडतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. "जळलाच नाही गं," ती मला म्हणाली, "मग काळा कशाने झाला?" आणि मलाही ते तेव्हा माहीत नव्हतं.

आतल्या खोलीतून काकांनी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. घडी पडली नाही नीट."

सुनावणीला आठ दिवस होते. ते आठ दिवस काकू रात्रंदिवस इस्त्री करत होती असंच म्हणायला हवं. केलेले शर्ट पुन्हा करायची. जेवताना मध्येच थांबून हात धुवायची. काका खाटेवरून बघत होते. एकदा म्हणाले, "अगं, तो निळा शर्ट सकाळपासून तिसऱ्यांदा येतोय. त्याला माझ्यापेक्षा जास्त ताप चढेल."

काकू हसली. हसल्यावर तिने त्यांच्या पायाच्या घोट्यावर अंगठा दाबला आणि खळगा किती वेळात भरतोय ते बघितलं. हे ती दिवसातून पाच-सहादा करायला लागली होती.

त्याच काळातल्या गुरुवारी यंत्रांच्या खोलीत शिट्टीकाकांनी नर्सला सांगितलं, "बाई, माझी आज अकराला सुनावणी आहे. सरकारने बोलावलंय. पण यंत्राने त्याच्या आधी बोलावलं, मग काय करणार? भाच्याच्या हातून चिठ्ठी धाडलीय की गुरुवारी मी मोकळा नसतो." सगळी खोली हसली. काकूसुद्धा हसली. हे नंतर तिने मला दोनदा सांगितलं, की मीसुद्धा हसले.

बुधवारी, सुनावणीच्या दिवशी, ती पावती वहीत घालून घेऊन गेली. खिडकीवरच्या बाईंनी ती दोन बोटांत धरली.

"हे काय आहे?"

"पावती."

"ताई, हा कोळसा आहे."

"इस्त्री केली मी."

बाईंनी पावती उलटीपालटी करून बघितली. मग शेजारच्या खिडकीकडे वळून म्हणाल्या, "पावतीला इस्त्री केली म्हणतात." शेजारून फिस्सकन आवाज आला. "नंबर पाठ आहे का?"

"नाही."

"नावावरून सापडत नाही. तुमच्या नावाच्या साठ बायका आहेत, सिस्टीमला कळत नाही कुठली. पाचला यादी बंद होते. नंबर नाही म्हणजे गैरहजर. गैरहजर म्हणजे अर्ज निकाली." आणि मग, अगदीच काही वाईट बाई नव्हत्या, हळू आवाजात, "मी तरी काय करू?"

काकूने पावती परत घेतली. मागच्या माणसाला जागा द्यायला बाजूला सरकली आणि तिथेच, गजांतून उजेड येत होता तिथे, उभी राहिली. घरी जाऊन काकांना काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं. उद्याच गुरुवार. उद्याचा दिवा हिरवा लागेल, कारण महिना संपायला अजून दोन दिवस होते. सोमवारी काय?

हातातल्या कागदाकडे ती बघत होती ती सवयीने तिरकं. गडद कपड्याला इस्त्रीची चकाकी उठली की ती समोरून दिसत नाही. कापड डोळ्यांच्या पातळीला आणून उजेडाकडे तिरपं धरावं लागतं. काळा कोट ती असाच तपासते. पावती तिने तशी धरली आणि काळ्यावर काळी अक्षरं दिसली. छापलेलं तेवढं किंचित चमकत होतं.

"नऊ," ती म्हणाली. "नऊ, शून्य, चार."

"काय?"

"लिहून घ्या हो. चार, एक, सात, सात."

बाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि गजांतून डोकं काढून स्वतः बघितलं. "अगंबाई, खरंच की. पुढे?"

पुढे काही नव्हतं. शेवटचे दोन आकडे होते तिथे इस्त्री टेकवली होती.

"दोन राहिले म्हणजे शंभर नंबर," बाई म्हणाल्या. घड्याळाकडे बघितलं. सव्वाचार. रांगेतल्या कुणीतरी विचारलं, "आमचं काय मग?" बाईंनी त्याच्याकडे बघितलं, काकूकडे बघितलं. "तुम्ही साधारण दुपारी आला होतात ना? चाळीसपासून बघते. मधे बोलायचं नाही."

आणि त्या वाचायला लागल्या, भाजीची यादी वाचावी तशा.

"चाळीस. गवंडी, पुरुष. अमान्य. एक्केचाळीस. शिवणकाम, विधवा. अमान्य. बेचाळीस. हमाल. अमान्य. त्रेचाळीस. मोलकरीण, मुलं तीन. गैरहजर, अमान्य."

रांग खिडकीकडे झुकली. मघाशी कुरकुरणारा माणूसही. प्रत्येक जण आपला धंदा ऐकू येतो का याची वाट बघत होता आणि तो ऐकू येऊ नये असंही त्याला वाटत होतं. सत्तेचाळीसला "सुतार" आलं आणि रांगेतल्या एका माणसाने भिंतीला हात टेकला. त्याच्या पलीकडचा म्हणाला, "अरे, सुतार तू एकटाच आहेस का?" पण त्याने हात काढला नाही.

त्रेपन्नला बाईंनी नाव वाचलं. ते नाव काकूला पाठ होतं. नर्स ते दर सोमवारी आणि गुरुवारी पुकारते.

"पहारेकरी, निवृत्त. सुनावणीस गैरहजर. अमान्य. अमान्य झालं की महिनाअखेरपर्यंत थांबत नाहीत, कार्ड उद्यापासून बंद."

"थांबा," काकू म्हणाली.

"हा तुमचा?"

"माझा नाही. पण हे माझ्या पुढे होते रांगेत. सहा माणसं सोडून." ती बोटांवर मोजत होती. "माझा साठ."

साठ काकूचाच निघाला. निकालाची जागा रिकामी होती.

साहेबांच्या खोलीत सुनावणी चार मिनिटं चालली. साहेबांनी कागद खालीवर केला. "कपडे विपुल, असं लिहिलंय. तुमचं म्हणणं ते लोकांचे. पुरावा?"

पुरावा तिच्याकडे काय असणार? ती म्हणाली, "साहेब, बेचाळीस शर्ट होते. कॉलरचं माप छत्तीसपासून चव्वेचाळीसपर्यंत. एवढ्या वेगवेगळ्या माना एका घरात असतात का?"

साहेबांनी आपल्या कॉलरला हात लावला. ते हसले की नाही ते काकूला सांगता येत नाही, ती त्यांच्या पेनाकडे बघत होती. पेनाने "विपुल" खोडलं. सोळाचे तेरा झाले. "सहा महिने चालेल. मग पुन्हा पाहणी," साहेब म्हणाले.

ती तडक तीन नंबरला परत आली. "ते मघाचे पहारेकरी. त्यांचं काय करता येईल?"

"गैरहजर असतील तर सात दिवसांत स्वतः येऊन कारण सांगायचं. उद्या पाचला मुदत संपते."

"त्यांचा पत्ता द्या."

"दुसऱ्याची माहिती देता येत नाही, ताई."

"मघाशी वाचून दाखवलीत की सगळ्यांची."

बाईंनी खिडकीचं झाकण अर्धं ओढलं. "म्हणूनच सांगते, जा आता."

त्या रात्री आमच्या घरात आनंद व्हायला हवा होता. काका तर म्हणालेही, "सहा महिने म्हणजे बावन्न पाळ्या." काकू हूं म्हणाली. शिट्टीकाका कुठे राहतात ते कुणालाच माहीत नव्हतं. "पुलापलीकडे कुठेतरी," काका म्हणाले. "का गं?" मग तिने सांगितलं.

गुरुवारी नऊला काकांचा दिवा हिरवा लागला. काकूने त्यांना खुर्चीवर बसवलं, नळ्या लागल्या, यंत्र फिरायला लागलं. शेजारची खुर्ची रिकामी होती. नर्सने नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. काका म्हणाले, "जा तू. मी कुठे पळून जातोय?"

शिट्टीकाका फाटकाशीच होते. डबा लाल दिवा दाखवत होता आणि फाटकवाला मान हलवत होता. ते कार्ड शर्टाला पुसून पुन्हा टेकवत होते. लाल. उलटं करून टेकवलं. लाल.

"काका, कार्ड बंद झालंय," फाटकवाला म्हणाला. "पैसे भरून करता का?"

"माझ्याकडे बघून वाटतं का तुला तसं?"

त्यांच्या चपलांचे पट्टे सोडलेले होते. पाय त्यांत मावत नव्हते. काकूला अंगठा दाबून बघायची गरज पडली नाही.

तिने वर जाऊन नर्सला विचारलं. नर्स म्हणाली, संध्याकाळी सहाची एक जागा धरून ठेवते, कार्ड चालू करून आणा. पण त्यांना फार चालवू नका. खिडकी अकराला उघडते. मधे दोन बस. आणि दुपारी एकला काकांचं यंत्र थांबणार होतं, तेव्हा त्यांना धरून उठवायला कुणीतरी लागतंच.

"वहिनी, तुम्ही कशाला?" शिट्टीकाका म्हणाले. "कुठल्या खिडकीवर जायचं ते सांगा, मी जातो."

"तुमची पावती आहे ना?"

"आहे."

"मग चला. बोलू नका, दम लागेल."

ते बोलले नाहीत. बसमध्येही नाही, जिन्यावरही नाही, आणि ते बोलत नाहीत हेच काकूला सगळ्यात भीतीचं वाटलं. तीन नंबरच्या खिडकीपुढे आधीच अकरा माणसं होती. अकरा वाजून पाच मिनिटं झाली तरी झाकण खालीच होतं. शिट्टीकाका भिंतीला टेकून डोळे मिटून उभे होते आणि काकू थोड्या थोड्या वेळाने त्यांना काहीतरी विचारत होती, भाच्याचं नाव काय, गोदाम कशाचं होतं, टीव्ही कुठल्या रंगाचा, फक्त ते उत्तर देताहेत का ते बघायला.